लघवीला जळजळ: पहिल्या दिवसापासून काय करायचं, काय टाळायचं

मूत्रमार्गाचा संसर्ग हा अस्वच्छ राहणाऱ्या मुलींचा आजार नाही. हे सगळ्यात आधी सांगायला हवं, कारण लघवीला जळजळ सुरू झाली की तरुण मुलीच्या मनात पहिला विचार येतो तो ‘माझंच काहीतरी चुकलं’ असा. मग ती कुणाला सांगत नाही, दोन-तीन दिवस दुखणं अंगावर काढते, मैत्रिणीकडच्या उरलेल्या गोळ्या घेते. साध्या औषधाने काही दिवसांत संपणारा त्रास अशाने कधीकधी मूत्रपिंडापर्यंत जातो. जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो. तीनपैकी साधारण एकीला तर वयाच्या २४ वर्षांपर्यंतच औषध घेण्याची वेळ आलेली असते. इतक्या जणींना होणाऱ्या आजाराची लाज कशाला वाटायची? माहिती मात्र पक्की हवी, आणि इथेच बरीच गडबड आहे. ज्या सवयींवर आपण सगळ्यात जास्त भर देतो त्यांचा उपयोग थोडा आहे, आणि जे खरोखर उपयोगाचं आहे ते मुलींना कुणी सांगत नाही.

आधी एवढं समजून घ्या

लघवी मूत्रपिंडांत तयार होते, दोन नळ्यांतून मूत्राशयात उतरते, तिथे साठते आणि मूत्रनलिकेतून बाहेर पडते. स्त्रियांची ही मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असते. पुरुषांची साधारण २० सेंटिमीटर. शिवाय स्त्रियांमध्ये तिचं तोंड योनी आणि गुदद्वार यांच्या अगदी जवळ असतं. आतड्यात एरवी गुण्यागोविंदाने राहणारे ई. कोलाय नावाचे जिवाणू त्वचेवरून सरकत मूत्रनलिकेच्या तोंडाशी येतात, तेवढं छोटं अंतर चढून मूत्राशयात पोचतात आणि आपल्या बारीक तंतूंनी तिथल्या अस्तराला चिकटून बसतात. मूत्राशयाच्या साध्या संसर्गांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक या एकाच जिवाणूमुळे होतात. तरुण मुलींमध्ये स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफायटिकस हा दुसरा जिवाणूही बऱ्यापैकी आढळतो.

या सगळ्यात आपल्या बाजूने लढणारेही आहेत. योनीत लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला सामू ३.८ ते ४.५ च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी ठेवतात. त्या वातावरणात ई. कोलायला पाय रोवणं अवघड जातं. दुसरं संरक्षण म्हणजे लघवीचा प्रवाह: दर वेळी मूत्राशय पूर्ण रिकामं झालं की चिकटू पाहणारे जिवाणू धुतले जातात. पुढे सवयींबद्दल जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं या दोन गोष्टींशी जोडलेलं आहे.

संसर्ग मूत्राशयापुरता असेल तर त्रासदायक, पण साधा. तो वर चढून मूत्रपिंडात गेला तर गंभीर. या दोन्हींतला फरक ओळखता येणं ही या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

पायरी १: ही जळजळ नेमकी कशाची आहे?

मूत्राशयाच्या संसर्गाची लक्षणं बहुधा अचानक, काही तासांत सुरू होतात. लघवी करताना आग होते. सारखं जावंसं वाटतं, धावत जावं तर चार थेंब येतात, आणि बाहेर येते न येते तोच पुन्हा कळ येते. ओटीपोट जड होतं किंवा दुखतं. लघवी गढूळ दिसते, कधी लालसर. अंगात ताप बहुधा नसतो. लघवी नुसती गढूळ किंवा उग्र वासाची आहे, पण बाकी काही त्रास नाही, तर तेवढ्यावरून संसर्ग म्हणता येत नाही. दिवसभर पाणी कमी प्यायल्यावरही लघवी गडद पिवळी होते, वास येतो आणि थोडं चुरचुरतंही. दोन-तीन पेले पाणी पिऊन काही तासांत हे थांबलं, तर विषय तिथेच संपतो.

आता थोडं बारकाईने पाहा. आग आतून, लघवी बाहेर पडत असताना होते आहे, की बाहेरच्या त्वचेला लघवी लागल्यावर झोंबते आहे? बाहेरून झोंबत असेल, सोबत खाज असेल, अंगावरून दह्यासारखं किंवा घाण वासाचं पांढरं जात असेल, तर हा योनीतला संसर्ग असण्याची शक्यता जास्त. बुरशीचा संसर्ग त्यातलाच एक. त्याचं औषध पूर्ण वेगळं असतं, आणि मूत्रमार्गासाठीचं अँटिबायोटिक घेतल्याने बुरशी उलट वाढू शकते. मुली या दोन आजारांची सर्रास गल्लत करतात, म्हणून हा भाग पुन्हा वाचा. लघवीला जळजळ आणि वारंवार जावं लागणं ही दोन्ही लक्षणं आहेत, पण खाज नाही आणि वेगळा स्रावही नाही, अशा वेळी मूत्राशयाचा संसर्ग असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक असते.

तिसरी शक्यता लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांची. क्लॅमिडिया किंवा गोनोरियामध्येही लघवीला जळजळ होते. जोडीदार नवा असेल, कंडोम वापरला नसेल, दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत रक्ताचे डाग दिसत असतील किंवा लघवीच्या तपासणीत पांढऱ्या पेशी सापडूनही जिवाणू वाढत नसतील, तर या आजारांची वेगळी तपासणी करून घ्यायची. बाहेरच्या भागावर बारीक फोड किंवा जखमा असतील तर हर्पिसही असू शकतो. मात्र एक गोष्ट मनात पक्की ठेवा: मूत्राशयाचा साधा संसर्ग हा ‘कुणाकडून लागलेला’ आजार नाही. संबंधांच्या वेळी होणाऱ्या घर्षणाने तुमच्याच त्वचेवरचे जिवाणू मूत्रनलिकेकडे ढकलले जातात, एवढंच. त्यावरून स्वतःवर किंवा जोडीदारावर संशय घेण्याचं काही कारण नाही. आणि कधीच संबंध न आलेल्या मुलींनाही हा संसर्ग होतो.

पायरी २: ही लक्षणं असतील तर वाट पाहू नका

अंगात ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप, हुडहुडी, पाठीत बरगड्यांच्या खालच्या कडेला एका बाजूला दुखणं, मळमळ, उलट्या: यातलं काहीही जळजळीच्या जोडीला आलं, तर संसर्ग मूत्रपिंडात गेल्याची शक्यता धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कधीकधी अशा वेळी जळजळ फार नसतेच, फक्त ताप आणि पाठदुखी असते. पोटात पाणी किंवा गोळी टिकत नसेल, चक्कर येत असेल, गुंगी किंवा गोंधळल्यासारखं वाटत असेल, तर सरळ रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. मूत्रपिंडातला संसर्ग रक्तात पसरू शकतो, आणि मग प्रत्येक तास महत्त्वाचा ठरतो.

गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल, तर ताप नसला तरी घरी थांबू नका. एरवी लक्षणं नसताना लघवीत जिवाणू सापडले तर औषध देत नाहीत, पण गरोदरपणात देतात, कारण उपचार न केल्यास ते मूत्रपिंडापर्यंत जाण्याचं प्रमाण खूप जास्त असतं. म्हणूनच गरोदरपणाच्या सुरुवातीला लघवीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याची तपासणी, करतात. मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार, मुतखडा किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर त्या मुलींनीही पहिल्याच दिवशी जायचं. लघवीतून रक्ताच्या गुठळ्या पडणं किंवा लघवी अजिबात न होणं हीसुद्धा तातडीची कारणं आहेत.

पायरी ३: डॉक्टरांकडे पोचेपर्यंत

पाणी प्या, पण नमुना देण्याआधी लिटरभर पाणी एकदम ढोसू नका. लघवी फार पातळ झाली तर तपासणीत जिवाणू कमी दिसतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर बराच आराम पडतो. जाताना त्रास होतो म्हणून लघवी रोखू नका. कॉफी आणि मद्य यांनी कळ वाढते असं जाणवत असेल तर तेवढे दिवस बंद.

उरलेलं अँटिबायोटिक घ्यायचं नाही. मागच्या वेळी याच गोळीने बरं वाटलं होतं, मग आता काय बिघडणार, असं वाटणं साहजिक आहे. बिघडतं ते असं. दोन गोळ्यांनी जिवाणू दबतात, मरत नाहीत, आणि कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. मग डॉक्टरांच्या हातात उत्तर नसतं आणि तुमची जळजळ तशीच असते. अर्धवट मात्रेतून वाचलेले जिवाणू त्या औषधाला दाद न देणारे निघण्याचा धोका असतो. आणि मुळात त्रास बुरशीचा असेल, तर तो वाढवून ठेवलेला असतो.

लघवी अल्कधर्मी करणारी गोडसर सिरप अनेक जणी स्वतःच आणून पितात. त्याने संसर्ग बरा होत नाही, आणि आराम पडतो याचा पुरावाही कच्चा आहे. त्यापेक्षा मोठी अडचण अशी की नायट्रोफ्युरँटॉइन हे या संसर्गावरचं नेहमीचं औषध आम्लधर्मी लघवीत चांगलं काम करतं, आणि ही सिरप नेमकी उलट दिशेने जाते. दोन्ही एकत्र घेऊ नका. फेनॅझोपिरिडिन नावाची गोळी आग कमी करते, पण जिवाणूंना काही करत नाही. ती दोन दिवसांपेक्षा जास्त घ्यायची नसते. तिने लघवी गडद नारिंगी होते आणि लघवीत रासायनिक पट्टी बुडवून रंग पाहण्याची तपासणीही चुकते, त्यामुळे घेतली असेल तर लॅबमध्ये सांगा.

पायरी ४: लघवीचा नमुना असा द्या

रिपोर्ट चुकीचा येण्याचं मोठं कारण नमुना चुकीच्या पद्धतीने घेणं हे आहे. हातात डबी देऊन ‘भरून आणा’ एवढंच सांगितलं जातं, कसं ते कुणी सांगत नाही.

१. शक्य असेल तर सकाळची पहिली लघवी द्या, किंवा मूत्राशयात किमान चार तास साठलेली. नायट्राइट हा पदार्थ जिवाणू तयार करतात, आणि त्यांना तेवढा वेळ मिळाला तरच तो पट्टीवर नीट दिसतो.

२. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या.

३. हात साबणाने धुवा. डबीचं झाकण काढून आतली बाजू वर ठेवून बाजूला ठेवा. झाकणाच्या आत किंवा डबीच्या कडेला बोट लावू नका.

४. एका हाताच्या दोन बोटांनी योनीओष्ठ बाजूला करून तसेच धरून ठेवा. ही पायरी मुली संकोचाने वगळतात आणि मग नमुन्यात त्वचेवरचे जिवाणू येतात.

५. पहिली धार सोडून द्या. प्रवाह न थांबवता मधली धार डबीत घ्या. अर्धी डबी पुरते. शेवटची धार पुन्हा बाहेर.

६. झाकण घट्ट लावा, नाव आणि वेळ लिहा, आणि दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा. ते शक्य नसेल तर फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवा. फ्रीझरमध्ये नाही. असा नमुना २४ तासांपर्यंत चालतो. बाहेर तसाच राहिला तर डबीतच जिवाणू वाढतात आणि नसलेला संसर्ग रिपोर्टमध्ये दिसतो.

पाळी चालू असेल तर लॅबला सांगा. गरज असेल तर टॅम्पॉन लावून नमुना देता येतो.

पायरी ५: रिपोर्टमध्ये काय पाहायचं

साध्या तपासणीत पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी मोजतात. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या एका क्षेत्रात पाचपर्यंत पेशी सहसा ठीक धरतात, जास्त असतील तर दाह आहे. पट्टीवर नायट्राइट आलं तर जिवाणू असण्याची शक्यता बरीच पक्की. पण नायट्राइट आलं नाही म्हणून संसर्ग नाही असं होत नाही, कारण स्टॅफिलोकॉकस सॅप्रोफायटिकससारखे काही जिवाणू ते तयारच करत नाहीत. एपिथेलियल म्हणजे त्वचेच्या आणि अस्तराच्या पेशी भरपूर दिसल्या किंवा कल्चरमध्ये ‘मिश्र वाढ’ असं आलं, तर बहुतेक वेळा नमुन्यात त्वचेवरचं काही मिसळलेलं असतं. अशा रिपोर्टवर औषध सुरू करण्याऐवजी नमुना पुन्हा द्यावा.

कल्चरमध्ये कोणता जिवाणू आहे हे कळतं आणि त्यावर कोणती औषधं चालतील याची यादी मिळते. त्याला एक ते तीन दिवस लागतात. एका मिलिलिटरमध्ये एक लाख जिवाणू ही जुनी सीमारेषा एडवर्ड कास यांच्या १९५० च्या दशकातल्या कामातून आली. पण ठसठशीत लक्षणं असलेल्या तरुण स्त्रीमध्ये हजार किंवा त्याहून कमी ई. कोलायही खरा संसर्ग दाखवू शकतात. ‘आकडा कमी आहे, तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकावं लागलं आणि जळजळ तशीच असेल, तर हा मुद्दा डॉक्टरांसमोर नम्रपणे पण ठामपणे मांडा.

प्रत्येक वेळी कल्चर लागतंच असं नाही. एरवी निरोगी, गर्भवती नसलेल्या तरुणीला ठरावीक लक्षणं असतील तर डॉक्टर थेट औषध देऊ शकतात आणि ते योग्यच आहे. ताप, गरोदरपण, काही महिन्यांत परत आलेला संसर्ग, नुकतंच घेतलेलं दुसरं अँटिबायोटिक, किंवा दोन दिवस औषध घेऊनही न पडलेला उतार, यातलं काही असेल तर मात्र कल्चर मागून घ्या.

पायरी ६: औषध कोणतं आणि कसं

मूत्राशयाच्या साध्या संसर्गासाठी आज पहिल्या पसंतीची औषधं मोजकी आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन बहुधा पाच दिवस देतात. ते पोटात काही असताना घ्यावं. लघवी पिवळसर तपकिरी झाली तर घाबरू नका, औषधाचाच रंग असतो. हे औषध मूत्राशयात छान काम करतं, पण मूत्रपिंडाच्या ऊतींमध्ये पुरेसं पोचत नाही, म्हणून ताप आणि पाठदुखी असताना ते चालत नाही. जी-६-पीडी या विकराची कमतरता असेल तर आधी सांगा. फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमची एकच मात्रा असते: पावडर पाण्यात विरघळवून, शक्यतो रात्री झोपण्याआधी लघवी करून मग प्यायची. ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल तीन दिवस देतात, पण जिथे जिवाणू त्याला फारसे दाद देत नाहीत तिथे ते टाळतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते अजिबात नको.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटाबद्दल मला विशेष आग्रहाने सांगायचं आहे, कारण साध्या जळजळीलाही ती फार सहज दिली आणि घेतली जातात. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की साध्या मूत्रसंसर्गात दुसरा पर्याय असेल तर ही औषधं वापरू नयेत, कारण स्नायुबंध, सांधे आणि मज्जातंतूंवर होणारे त्यांचे दुष्परिणाम दीर्घकाळ राहू शकतात. युरोपच्या औषध संस्थेनेही २०१८ मध्ये अशीच बंधनं घातली. मूत्रपिंडाच्या संसर्गात त्यांची खरी गरज पडू शकते. पण साध्या संसर्गासाठी चिठ्ठीवर हे नाव दिसलं, तर ‘यापेक्षा सौम्य काही चालेल का?’ असं विचारायला संकोच करू नका.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगायच्या गोष्टी: गर्भवती असण्याची शक्यता, ॲलर्जी, चालू असलेली औषधं, गेल्या तीन महिन्यांत घेतलेलं अँटिबायोटिक, आणि लैंगिक संबंध. शेवटची गोष्ट लपवली तर निदान चुकू शकतं. प्रश्न उपचारापुरता आहे, चारित्र्याचा नाही. समोरची व्यक्ती तसं वागवत नसेल तर डॉक्टर बदला. एकटीने बोलायचं असेल तर सोबत आलेल्यांना बाहेर थांबायला सांगण्याची विनंती डॉक्टरांना करता येते.

औषध सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत आग कमी व्हायला हवी. ४८ तासांत काहीच फरक नसेल तर परत जा. बरं वाटलं तरी ठरवून दिलेले दिवस पूर्ण करा, आणि ‘आणखी दोन दिवस घेते’ असंही करू नका. लक्षणं पूर्ण गेली असतील तर पुन्हा लघवी तपासण्याची गरज सहसा नसते. गर्भवतींना मात्र असते.

अँटिबायोटिकशिवाय बरं होतं का? काही जणींचं होतं. २०१५ मध्ये जर्मनीत झालेल्या एका चाचणीत आधी फक्त आयबुप्रोफेन दिलेल्या स्त्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अँटिबायोटिक न घेता बऱ्या झाल्या. पण त्यांचा त्रास जास्त दिवस राहिला, आणि मूत्रपिंडापर्यंत संसर्ग जाण्याचे प्रसंगही त्या गटात जास्त दिसले. म्हणून थांबून पाहायचं की नाही हे डॉक्टरांशी बोलून, नजर ठेवून ठरवायचं.

सवयी: कोणती खरी कामाची?

मुलींना लहानपणापासून एक यादी ऐकवली जाते: पुढून मागे पुसा, सुती अंतर्वस्त्रं घाला, घट्ट कपडे नकोत, लघवी रोखू नका, संबंधांनंतर लगेच लघवी करा. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ ते ३० वयाच्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि न होणाऱ्या स्त्रियांची तुलना केली होती. या यादीतल्या जवळपास कशाचाच स्पष्ट संबंध त्यात दिसला नाही. संबंध दिसला तो वेगळ्याच गोष्टींशी: संबंधांची वारंवारता, नवा जोडीदार, शुक्राणूनाशक वापरणं, पहिला संसर्ग वयाच्या १५ वर्षांपर्यंत झालेला असणं, आणि आईलाही हा त्रास असणं. आईकडून आलेली शरीराची ठेवण कुणी पुसून-धुवून बदलू शकत नाही. मला हा निष्कर्ष सगळ्या मुलींपर्यंत पोचावा असं फार वाटतं, कारण वर्षानुवर्षं त्या स्वतःला बोल लावत असतात.

याचा अर्थ यादी फेकून द्या असा नाही. पुढून मागे पुसणं, संबंधांनंतर थोड्या वेळात लघवी करून येणं, यात काही खर्च नाही आणि तोटाही नाही. सवय असेल तर चालू ठेवा. एखाद्या दिवशी राहून गेलं आणि जळजळ झाली तर मात्र स्वतःला अपराधी समजू नका.

पाणी हा ठोस पुरावा असलेला उपाय. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. अर्ध्या जणींनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे मुळात कमी पिणारीला जास्त पिण्याचा फायदा आहे. आधीच भरपूर पिणारीने आणखी लिटरभर वाढवून तितकाच फायदा होईल असं यावरून म्हणता येत नाही. सोपी खूण: लघवी दिवसभर फिकट पिवळी असावी, आणि जागेपणी दर तीन-चार तासांनी जावंसं वाटावं.

पण बाहेर स्वच्छतागृह नीट नसतं म्हणून मुली पाणी पिणंच टाळतात. शिकताना, कामावर, प्रवासात. हा प्रश्न मुलींच्या सवयीचा कमी आणि व्यवस्थेचा जास्त आहे, आणि तो मागणी लावून धरण्यासारखा आहे. तोवर आपल्या हातात एवढंच: निघण्याआधी आणि पोचल्यावर जायचं, स्वच्छ जागा हेरून ठेवायची, आणि पाणी सकाळ-संध्याकाळ विभागून प्यायचं. कमोडच्या सीटवरून हा संसर्ग होत नाही. सीटला न टेकता अधांतरी बसलं की ओटीपोटाखालचे स्नायू सैल सुटत नाहीत आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. सीट पुसून किंवा वर कागद ठेवून नीट बसा, घाई करू नका, शेवटी क्षणभर थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करा. बद्धकोष्ठता असेल तर तिच्यावर उपाय करा. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि ते नीट रिकामं होऊ देत नाही.

गर्भनिरोधकांकडे लक्ष द्या. नोनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणूनाशक लॅक्टोबॅसिलस मारतं आणि ई. कोलायला जागा करून देतं. ते काही कंडोमवर लावलेलं असतं, डायफ्राम म्हणजे योनीत बसवायच्या गर्भनिरोधक टोपीबरोबरही वापरतात. वारंवार त्रास होत असेल तर पाकिटावरचा मजकूर वाचा आणि शुक्राणूनाशक नसलेला कंडोम घ्या. कंडोम वापरणं थांबवू नका.

योनी आतून धुवायची नसते. सुगंधी वॉश, स्प्रे, जंतुनाशक द्रावण यांनी लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि त्वचाही चुरचुरते. बाहेरून साधं पाणी पुरेसं आहे. पाळीतले पॅड किंवा कप वेळेवर बदलणं त्वचेसाठी चांगलंच, टॅम्पॉन आठ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. पण मूत्रसंसर्गाशी यांचा थेट संबंध फारसा आढळलेला नाही.

पुन्हा पुन्हा होत असेल तर

सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन वेळा संसर्ग झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. इथे दर वेळी तेच औषध घेत राहण्यापेक्षा एकदा नीट आखणी करायची. प्रत्येक वेळचं कल्चर करून रिपोर्ट जपून ठेवा. एका वहीत तारीख, लक्षणं, घेतलेलं औषध, किती दिवसांत उतार पडला आणि आधीच्या दोन दिवसांत संबंध, प्रवास, कमी पाणी असं काही होतं का, हे लिहा. तीन-चार नोंदी झाल्या की ठरावीक धागा दिसू लागतो, आणि डॉक्टरांना त्यावरच पुढचं ठरवता येतं. संसर्ग दर वेळी संबंधांनंतरच होत असेल, तर फक्त त्या वेळी घ्यायची अँटिबायोटिकची छोटी मात्रा देता येते. तसा धागा नसेल तर काही महिने रोज कमी मात्रा, किंवा मेथेनॅमिन हिप्युरेट हे अँटिबायोटिक नसलेलं औषध. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत हे औषध रोजच्या कमी मात्रेच्या अँटिबायोटिकच्या तुलनेत फारसं मागे पडलं नाही, म्हणून ते विचारून पाहण्यासारखं आहे.

क्रॅनबेरी या आंबट फळाबद्दल मत बदललं आहे. २०२३ मध्ये पन्नास चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यानुसार वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांमध्ये क्रॅनबेरीने संसर्गाचा धोका सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतो. तिचा उपयोग टाळण्यासाठी आहे. सुरू झालेला संसर्ग तिने बरा होत नाही. गोड केलेल्या रसापेक्षा कॅप्सूल बरी, आणि वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी विचारा. डी-मॅनोज या साखरेच्या पावडरीवर मात्र पैसे घालवू नका असं मी म्हणेन. जवळपास सहाशे स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत रोज घेऊनही त्याचा फायदा दिसला नाही.

सोनोग्राफी प्रत्येकीला लागत नाही. लघवीतून वारंवार रक्त जाणं, मुतखड्याची शंका, कल्चरमध्ये प्रोटियससारखा जिवाणू, मूत्रपिंडाचा संसर्ग पुन्हा होणं किंवा औषध संपताच तोच जिवाणू परत येणं, अशा वेळी ती करावी. आणि लक्षणं पुन्हा पुन्हा येत असून कल्चर दर वेळी स्वच्छ येत असेल, तर पुढचं अँटिबायोटिक घेऊ नका. क्लॅमिडियाची तपासणी, योनीची तपासणी आणि मूत्राशयाच्या वेदनेच्या वेगळ्या आजाराचा विचार, या तीन गोष्टी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा मूत्ररोगतज्ज्ञांकडे नाव घेऊन विचारा.